सोशल अँक्झायटीवर काम करताना मधेच सगळं मोटिव्हेशन संपलंय, पुन्हा सुरुवात कशी करायची?

निःशब्द_सरी

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज धीर करून लिहितेय. हे पण ३ वेळा टाइप करून पुसलंय त्यामुळे विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

लहानपणापासून घरात मला "लाजाळू आहे ती" असंच म्हणायचे. कॉलेजात गेल्यावर कळलं की हे नुसतं लाजणं नाहीये. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की छाती धडधडायला लागते, तोंडाला कोरड पडते, हाताला कंप सुटतो आणि चेहरा लाल झालाय असं वाटत राहतं, खरंच होतो की नाही देव जाणे. फोन वाजला की मी तो बंद होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसते आणि मग २ मिनिटांनी मेसेज टाकते की आत्ता बिझी होते, काय काम होतं?

५ महिन्यांपूर्वी ठरवलं की बास झालं. वाचून वाचून एक यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. पहिली पायरी म्हणजे लिफ्टमध्ये कोणी असेल तर आपणहून गुड मॉर्निंग म्हणायचं, मग रोज एक तरी फोन स्वतः उचलायचा, मग मीटिंगमध्ये एक वाक्य तरी बोलायचं असं वाढत वाढत. पहिले २ महिने खूप छान गेले, मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. तिसऱ्या महिन्यात जरा ओढाताण झाली पण चालू होतं. आणि मग एका मीटिंगमध्ये मला ४ मिनिटांचं अपडेट द्यायचं होतं. आदल्या दिवशी सगळं शब्दन् शब्द पाठ केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला आवाज कापायला लागला, हातातल्या कागदाची कड थरथरत होती आणि मला फक्त ती कडच दिसत होती, समोर कोण बसलंय काय बसलंय काही दिसत नव्हतं. कसंबसं संपवून खाली बसले. कोणी काही बोललं नाही. पण त्या रात्री १ वाजेपर्यंत मी ते ४ मिनिटं डोक्यात इतक्या वेळा चालवली की शेवटी खरं काय झालं होतं तेही नीट आठवेना.

त्याला आता ३ आठवडे झाले. तेव्हापासून काहीच केलं नाहीये. लिफ्ट रिकामी येईपर्यंत बाजूला थांबते. यादी ड्रॉवरमध्ये आहे, ती उघडायची पण इच्छा होत नाही.

मला विचारायचंय की जे यातून गेलेत त्यांनी मोटिव्हेशन कसं टिकवलं? आणि एवढं करूनही भीती तेवढीच वाटते तर मुळात उपयोग होतोय हे कसं ओळखायचं? आता परत शून्यापासून सुरू करायचं का?

एक विनंती, आत्मविश्वास ठेव, पॉझिटिव्ह विचार कर असं कृपया सांगू नका. ते ऐकून मला अजून एकटं वाटतं.

पाऊलवाट

सरी, आधी हे सांगतो की इथे लिहिलंत हेच तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींपेक्षा अवघड होतं. अनोळखी लोकांसमोर स्वतःची सगळ्यात नाजूक गोष्ट मांडलीत.

मी यात बरीच वर्षं काढलीत म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मला वाटतं तुमचं मोटिव्हेशन तिथेच गळतंय. तुम्ही रोज मोजताय काय? भीती वाटली की नाही हे मोजताय. मीपण वर्षभर तेच केलं. प्रत्येक वेळी बोलून आल्यावर स्वतःला विचारायचो की आज कमी घाबरलो का, आणि उत्तर बहुतेक वेळा नाही असंच यायचं, मग वाटायचं की एवढी मेहनत करून काही फरकच नाही. अशा हिशोबात कुणाचंही मन टिकणार नाही हो, कारण भीती ही रोज वरखाली होते, झोप नीट झाली नसेल तरी वाढते.

माझ्या काउन्सेलरनी मला एक वेगळी वही करायला सांगितली आणि माझी गाडी तिथून रुळावर आली. जायच्या आधी एका ओळीत लिहायचं की काय होणार असं मला वाटतंय. अगदी स्पष्ट, म्हणजे "वाईट होईल" असं नाही, तर "मी प्रश्न विचारला की लोक एकमेकांकडे बघून हसतील" असं. आणि शेजारी किती टक्के खात्री आहे ते. आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. भीती किती वाटली याला रकानाच नव्हता! सुरुवातीला मला ते विचित्र वाटलं होतं, कारण माझा सगळा त्रास तर भीतीचाच होता.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी सांगतो. आधी लिहिलं होतं: "काउंटरवरच्या माणसाला परत सांगा म्हटलं तर तो वैतागेल आणि मागचे लोक कुरकुर करतील, ८० टक्के." नंतरची नोंद: "त्याने परत सांगितलं. मान वर पण केली नाही. मागचा माणूस फोनमध्ये होता." बस एवढंच. पण अशा ३०-४० ओळी एकाखाली एक जमल्या ना की त्या वाचताना आतमध्ये काहीतरी हलतं, ते कुठल्याही भाषणाने हलत नाही.

यामागे कारण आहे. पूर्वी असं मानायचे की भीतीच्या जागी थांबून राहायचं, भीती खाली उतरेपर्यंत, आणि ती उतरली तरच फायदा. पण मिशेल क्रॅस्के या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा असा की त्या वेळी भीती उतरली की नाही याला तेवढं महत्त्व नाही, तुम्हाला जे घडेल असं वाटत होतं ते घडलं नाही हे मेंदूला कळणं महत्त्वाचं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते आणि ती हळूहळू जोर धरते. म्हणजे तुम्ही घाबरत घाबरत ४ मिनिटं बोललात आणि कोणी हसलं नाही, ते काम वायाच गेलेलं नाहीये. फक्त तुम्ही ते जमेच्या बाजूला लिहिलंच नाहीत.

आणि त्या कागदाच्या कडेबद्दल. २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचा मोठा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून लोक बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं की किती जणांना तुझ्या टीशर्टवर कोण आहे ते सांगता येईल. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांना. प्रत्यक्षात सांगता आलं पाव भागाच्या आसपास लोकांना. छातीवरचा एवढा मोठा फोटो, आणि तुमची तर कागदाची कड होती.

चालता_बोलता

थोडं वेगळं मत मांडतो. मोटिव्हेशन टिकवायचं हा विचारच मी सोडून दिला आणि मला त्याचा फायदा झाला. मोटिव्हेशन येईल मग करू असं म्हटलं की ते येतच नाही, कारण टाळलं की लगेच हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्याची सवय लागते. रिकामी लिफ्ट आली की तुला जे सुटल्यासारखं वाटतं ना, तेच उद्या परत तुला बाजूला थांबवतं.

मी फक्त आधीच ठरवून ठेवतो, "असं झालं की मी असं करणार". उदा. लिफ्टचं दार उघडलं आणि आत कोणी असलं तर मी आत पाऊल टाकतानाच गुड मॉर्निंग म्हणणार. त्या क्षणी ठरवायला काही शिल्लकच ठेवायचं नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याच पद्धतीवर लिहिलंय. नुसतं "जास्त बोलणार" असं ठरवण्यापेक्षा कधी, कुठे, काय हे ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. मूड असो नसो.

शांतनदी

अगं सरी, तुझं ते "शब्दन् शब्द पाठ केलं होतं" वाचून मी थांबलेच, कारण मी अगदी हेच करायचे.

मी थेरपी घेतलीये त्यामुळे तिथे शिकलेलं सांगते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सोशल अँक्झायटी कशी टिकून राहते याचं एक मॉडेल मांडलं, आजही बऱ्याच ठिकाणी उपचार त्यावरच चालतात. त्यातले ३ मुद्दे तुझ्या त्या एका मीटिंगमध्ये दिसतायत.

एक म्हणजे बचावाच्या सवयी. वाक्यं पाठ करणं, डोळ्याला डोळा न देणं, भराभर बोलून संपवणं, हात दिसू नये म्हणून काहीतरी घट्ट धरून ठेवणं. मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचे, इतका घट्ट की बोटांची टोकं पांढरी पडायची. मला वाटायचं ग्लासमुळे मी वाचले. गंमत म्हणजे घट्ट धरल्यानेच हात जास्त कापतो, हे थेरपिस्टनी मला तिथल्या तिथे करून दाखवलं, आधी घट्ट धरून मग सैल धरून. आणि दुसरं नुकसान असं की सगळं ठीक पार पडलं तरी श्रेय ग्लासला जातं. पाठांतराला जातं. तू स्वतः बोलू शकतेस हे तुझ्या मनाला कळायची संधीच मिळत नाही, मग ५ महिने करूनही "तेवढंच" वाटणार ना गं.

मग येतं लक्ष आत वळणं. आवाज कापतोय का, चेहरा तापलाय का, कड थरथरतेय का, हे आपण आतून जाणवेल त्यावरून ठरवतो आणि लोकांनाही तसंच दिसत असेल असं समजतो. माझा थेरपीमध्ये व्हिडिओ काढला होता. बघण्याआधी मला लिहायला सांगितलं की मी कशी दिसेन. मी लिहिलं, लालबुंद चेहरा, वाक्य तुटतंय, हात हलतायत. मग व्हिडिओ बघितला तेव्हा त्यात एक मुलगी थोडी हळू आवाजात बोलत होती, एकदा "अं" म्हणून थांबली. एवढंच. मी ते परत परत बघितलं आणि रडले, कारण मी १० वर्षं ज्या मुलीला लपवत होते ती तिथे नव्हतीच.

तिसरी गोष्ट तुझं रात्रीचं ते १ वाजेपर्यंत चालवणं. त्यात नवीन माहिती काही मिळत नाही. आपण घाबरलेल्या अवस्थेतली आतली जाणीव पुन्हा पुन्हा चालवतो आणि प्रत्येक वेळी ती थोडी अजून वाईट होते. मला तर वाटतं तुझी हिंमत मीटिंगमध्ये गेलीच नाही, ती त्या रात्री गेली.

आता एक प्रॅक्टिकल. पुढच्या वेळी पाठ करू नकोस, फक्त ३ मुद्दे लिहून ने आणि बोलताना मुद्दाम बाहेर बघ, कोण मान हलवतंय, कोणाच्या शर्टाचा रंग काय. हे रिलॅक्स व्हायला नाही करायचं, लक्ष बाहेर न्यायला करायचं. पहिल्यांदा विचित्र वाटेल.

आणि एकटीनेच करायला पाहिजे असं काही नाही. ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या गाइडलाइनमध्ये मोठ्यांसाठी पहिला उपचार म्हणून सोशल अँक्झायटीसाठीच बनवलेली वैयक्तिक सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) सांगितलीये, आणि क्लार्क-वेल्स पद्धतीने असेल तर दीड दीड तासाची जास्तीत जास्त १४ सेशन्स, साधारण ४ महिन्यांत. हे यासाठी सांगतेय की याला ठराविक मुदतीचा उपचार आहे, आयुष्यभर झगडत बसायची गोष्ट नाही. गोळ्याही असतात, एसएसआरआय प्रकारच्या (नैराश्यावरही देतात त्या), पण त्या डॉक्टरांनी तपासूनच द्यायच्या, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मनाने सुरू किंवा बंद करायच्या नाहीत. कामावर जाणं टाळायला लागलीस, झोप-जेवण बिघडलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले तर वाट बघू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा.

निःशब्द_सरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शांतनदी ताई, तुमचं व्हिडिओचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले १० मिनिटं. हिंमत रात्री गेली हे अगदी खरंय. मीटिंग संपल्यावर लगेच तर मला हलकं वाटलं होतं, आता आठवतंय.

दोन गोष्टी अजून विचारू का? ते रात्रीचं कसं थांबवायचं, कारण करू नको म्हटलं की अजून येतं. आणि घरच्यांचं काय करायचं. ते वाईट नाहीयेत, पण एकतर "एवढं काय त्यात घाबरायचं" म्हणतात किंवा माझ्याऐवजी स्वतःच फोन करून टाकतात. दोन्हीने मला खचल्यासारखं होतं.

सावलीतला_भाऊ

ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, माझ्या धाकट्या बहिणीला हा त्रास आहे. तुमच्या घरचे जे करतात ते मी ६ वर्षं केलं. तिचे सगळे फोन मी करायचो, कुठे काही विचारायचं असलं तर मी पुढे व्हायचो, कोणी घरी येणार असलं तर ती आत जायची आणि मी सांगायचो ती झोपलीये. प्रेमानेच करायचो हो, तिचा तो कावराबावरा चेहरा बघवायचा नाही. तिच्या डॉक्टरांनी जेव्हा मला सांगितलं की तुमच्या या मदतीमुळे तिला दरवेळी हेच कळतंय की मला जमणार नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं, २ दिवस मी कोणाशी बोललो नाही.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. एकदम बंद नाही करायचं, कारण तसं केलं तर तिला सोडून दिल्यासारखं वाटलं असतं. पहिले काही आठवडे फोन तीच लावायची, स्पीकरवर, मी शेजारी बसायचो पण बोलायचं नाही असं ठरलेलं. पहिल्या फोनला पलीकडून "हॅलो, कोण बोलतंय" आलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली, मी टेबलाकडे बघत राहिलो, ते ५-६ सेकंद मला आयुष्यातले सगळ्यात लांब वाटले. मग ती बोलली. नंतर मी दुसऱ्या खोलीत, मग घराबाहेर. अजूनही काही फोन ती मला करायला सांगते आणि काही मी करतो, खोटं सांगणार नाही.

तुम्ही घरच्यांना एवढंच सांगा की मला दोन वाक्यांची गरज आहे, आधी "अवघड आहे हे मला माहितीये" आणि मग "मी इथे आहे, तू कर". घरच्यांना बहुतेक वेळा काय बोलायचं तेच माहिती नसतं म्हणून ते "त्यात काय एवढं" म्हणतात. मला तरी नव्हतं माहिती.

पाऊलवाट

भाऊ, तुमचा प्रतिसाद फार मनापासूनचा आहे, माझ्या बायकोला वाचायला देतोय.

सरी, रात्रीचं थांबवायला मी जे करतो ते सांगतो. विचार दाबत नाही, त्याला जागा देतो पण छोटी. प्रसंग झाला की त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, ५ ओळी लिहायच्या आणि त्यात फक्त खोलीतल्या कॅमेऱ्यात आलं असतं तेवढंच. "मी मूर्ख दिसले" हे कॅमेऱ्यात येत नाही. "४ मिनिटं बोलले, एकाने मान हलवली, शेवटी कोणी प्रश्न विचारला नाही, पुढचा विषय सुरू झाला" हे येतं. मग रात्री डोकं सुरू झालं की मनात म्हणायचं याची नोंद झालीये, आणि उठून काहीतरी हाताचं काम करायचं, कपड्यांच्या घड्या, भांडी, काहीही. लगेच थांबत नाही. मला आधी तास तास लागायचा, आता १५-२० मिनिटांत सुटतं, कधी कधी अजूनही लांबतं.

शून्याबद्दल. नाही, तुम्ही शून्यावर नाही आहात. मधे खंड पडला की दबलेली भीती पुन्हा डोकं वर काढते, हे शिकण्याच्या प्रक्रियेत होतंच, पावलोव्ह या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून ते माहिती आहे. ती परत आली म्हणजे शिकलेलं गेलं असं होत नाही, आणि दुसऱ्यांदा शिकायला सहसा कमी वेळ लागतो. जिथे थांबलात तिथून २ पायऱ्या खाली उतरा, म्हणजे मीटिंगच्या अपडेटवर लगेच जाऊ नका, लिफ्ट आणि फोन यांपासून धरा, पण या वेळी वहीसकट आणि पाठांतराशिवाय. आणि जागा बदलत राहा, रोज त्याच एका माणसाला गुड मॉर्निंग म्हटलं तर मेंदू शिकतो की हा एक माणूस चालतो, बाकीच्यांचं काही सांगता येत नाही.

चालता_बोलता

+१ जागा बदलण्याला. आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, तीसुद्धा ठरवून. ठरवलेली सुट्टी म्हणजे टाळणं नाही.

निःशब्द_सरी

४ दिवसांनी येतेय. यादी ड्रॉवरमधून काढली, मागच्या कोऱ्या बाजूवर वहीसारखे रकाने पाडलेत. घरी ती दोन वाक्यं सांगितली, आई आधी गप्प बसली मग म्हणाली मला वाटायचं मी फोन केला की तुला बरं वाटतं. बराच वेळ बोललो आम्ही.

आज सकाळी लिफ्टचं दार उघडलं, आत वरच्या मजल्यावरचे एक जण होते ज्यांच्याशी मी कधीच बोलले नाहीये. आधीची नोंद: "ऐकू जाणार नाही, परत म्हणावं लागेल आणि मला लाजेने मेल्यासारखं होईल, ७० टक्के." नंतरची नोंद: "ऐकू गेलं नाही. त्यांनी एका कानातला इअरफोन काढला, म्हणाले काय म्हणालात? मी परत म्हटलं. ते म्हणाले ओह, गुड मॉर्निंग, आणि इअरफोन परत घातला." म्हणजे मला ज्याची भीती होती त्यातलं अर्धं झालंच की. ऐकू गेलं नाही आणि परत म्हणावं लागलं. पुढचं जे लिहिलं होतं ते मात्र झालं नाही, आणि मी ते तिसऱ्या मजल्यापर्यंत तसंच उभं राहून बघत होते.

आवाज कापला का ते बघायचं लक्षातच राहिलं नाही. उद्या दुपारी १२ वाजता फोन आहे, आई शेजारी बसणार आहे, बोलायचं नाही असं तिला सांगितलंय.